बालदम्याची नोंदवही प्राथमिक आरोग्य केंद्रात हवी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

जून सरता सरता शाळा रुळतात, पाऊस लागतो आणि साथीच्या आजारांचा जोर वाढल्याच्या, बालरुग्णांनी दवाखाने भरल्याच्या बातम्या सगळीकडे येऊ लागतात. साथ असते हे खरेच आहे. परंतु तालुक्याच्या गावी सामान्य दवाखाना चालवणाऱ्या माझ्यासारख्या डॉक्टरकडे त्या गर्दीत अशी काही मुले दरवर्षी नेमाने परत येतात, ज्यांच्या दुखण्याला विषाणूची सर्दी निमित्त होते, पण मूळ कारण ती नसते. त्यांना ताप नसतो, असला तर एक-दोन दिवसांचा असतो. रात्री दोन-तीनच्या सुमारास कोरडा खोकला सुरू होतो, खोकता खोकता उलटी झाली की जरा बरे वाटते आणि सकाळी मूल खेळू लागते. पळाले, मोठ्याने हसले किंवा रडले तरी खोकला येतो. गेल्या पावसाळ्यातही असेच झाले होते, थंडीतही झाले होते, असे आई विचारण्यापूर्वीच सांगते. या मुलांना बालदमा आहे. त्याचे निदान, औषधोपचार आणि वर्षानुवर्षांचा सांभाळ प्राथमिक आरोग्य केंद्रात आणि घराजवळच्या डॉक्टरकडेच व्हायला हवा, त्यासाठी लागणारी साधी साधने तेथेच मिळायला हवीत, एवढे एकच म्हणणे मांडण्यासाठी हे पत्र लिहीत आहे.

आजार दुर्मीळ असता तर असा आग्रह धरला नसता. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या ग्लोबल अस्थमा नेटवर्कच्या भारतातील पाहणीत सहा-सात वर्षांच्या आणि तेरा-चौदा वर्षांच्या मुलांपैकी शंभरात साधारण तिघांना छातीत घरघर होण्याची तक्रार आढळली. त्याहून गंभीर गोष्ट अशी की, पाहणीत घरघर असलेल्या मुलामाणसांपैकी सुमारे ८२ टक्क्यांना आपल्याला दमा आहे असे कोणा डॉक्टरने सांगितलेलेच नव्हते, आणि त्यांच्यात दमा रोखणारा, श्वासावाटे घ्यायचा स्टिरॉइडचा पंप रोज घेणारे अडीच टक्क्यांहूनही कमी होते. जगातील एकूण दमेकऱ्यांपैकी सुमारे १३ टक्के भारतात आहेत, पण दम्याने होणाऱ्या मृत्यूंपैकी ४० टक्क्यांहून अधिक मृत्यू भारतात होतात, असा जागतिक रोगभार अभ्यासाचा अंदाज आहे. दमा भारतीयांना अधिक घातक आहे असे मानण्याचे कारण नाही; रोग रोखणारे औषध फारच थोड्यांपर्यंत पोहोचते, हाच या विषमतेचा मोठा भाग आहे.

निदान का होत नाही, याचे उत्तर आईच्या हातातील पिशवीत मिळते. दवाखान्यात येताना ती जुन्या बाटल्या घेऊन येते. दोन-तीन खोकल्याची औषधे, अर्धवट राहिलेले अँटिबायोटिक, श्वास मोकळा करणाऱ्या सॅल्ब्युटामॉलचे पातळ औषध, मॉन्टेलुकास्ट आणि लेव्होसेट्रिझिन ही ॲलर्जीवरची औषधे एकत्र असलेले गोड सरबत, आणि तळाशी घडी घातलेले छातीचे एक्स-रे. प्रत्येक वेळी खोकला तात्पुरता थांबला, प्रत्येक वेळी वेगळा डॉक्टर होता, आणि आधीचे चार-पाच प्रसंग एका ओळीत मांडून पाहायला कोणाला उसंत मिळाली नाही. काही मुलांना एक्स-रेवरील अस्पष्ट सावलीच्या आधारे 'प्रायमरी कॉम्प्लेक्स', म्हणजे लहान मुलांतला सुरुवातीचा क्षयरोग, ठरवून सहा महिने क्षयरोगाच्या गोळ्या दिल्या गेलेल्या असतात. आपल्याकडे क्षयरोगाची शंका घ्यायलाच हवी, पण वजन घटत नाही, घरात क्षयरोगी नाही, खोकला महिन्यातून काही रात्री येतो आणि मधल्या काळात मूल ठणठणीत असते, तेव्हा त्या गोळ्यांआधी दम्याचा विचार व्हायला हवा.

खोकल्याच्या औषधांबद्दल अधिक स्पष्ट बोलण्याची वेळ आली आहे. २०२५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये मध्य प्रदेशातील छिंदवाडा जिल्ह्यात दूषित सिरपमुळे मुलांची मूत्रपिंडे निकामी झाली आणि त्यांतील अनेक मुले उपचारांसाठी नागपूरला आणली गेली, हे आपल्या वाचकांच्या स्मरणात असेल. त्यानंतर केंद्र सरकारने दोन वर्षांखालील मुलांना खोकल्याची औषधे देऊ नयेत आणि पाच वर्षांखाली ती सहसा टाळावीत, असे पुन्हा बजावले. बाटली दूषित नसली तरी दम्याच्या खोकल्यावर तिचा उपयोग नाही, कारण श्वासनलिकांच्या अस्तराला आलेली सूज ती कमी करत नाही. मॉन्टेलुकास्टचेही थोडे तसेच झाले आहे. ते सोयीचे आहे, चवीला गोड आहे, पंप नको असलेल्या पालकांना पटकन पटते. पण स्टिरॉइडच्या पंपाइतके ते परिणामकारक नाही, आणि मुलांच्या झोपेवर, मनःस्थितीवर होणाऱ्या दुष्परिणामांमुळे अमेरिकेच्या औषध प्रशासनाने मार्च २०२० मध्ये त्यावर सर्वांत कडक स्वरूपाचा इशारा छापायला लावला. तो इशारा आपल्याकडे किती आयांना सांगितला जातो, याचा विचार आम्हा डॉक्टरांनी करायला हवा.

बालदमा ओळखायला मोठी यंत्रसामग्री लागते, हा समजही दूर झाला पाहिजे. पाच-सहा वर्षांखालील मुलाला फुंकर मारण्याच्या चाचण्या नीट करताच येत नाहीत, त्यामुळे तेथे प्रश्न विचारणे आणि छाती ऐकणे हाच निदानाचा पाया आहे. त्रास वारंवार होतो का, रात्री आणि पहाटे अधिक होतो का, धूर, धूळ, थंड हवा किंवा खेळ यांनी वाढतो का, मुलाला इसब किंवा सततच्या शिंका आहेत का, आईवडिलांपैकी कोणाला दमा किंवा ॲलर्जी आहे का, आणि सॅल्ब्युटामॉलचे झोत दिल्यावर दहा-पंधरा मिनिटांत श्वास मोकळा होतो का, या प्रश्नांना दहा मिनिटे दिली तर बहुतेक वेळा चित्र स्पष्ट होते. अगदी लहान वयात मात्र घाई नको. सर्दीबरोबर घरघर होणाऱ्या तान्ह्या मुलांपैकी अनेकांचा त्रास सहाव्या वर्षापर्यंत आपोआप थांबतो, म्हणून तेथे दोन-तीन महिने औषध देऊन, मग थांबवून पाहणे आणि पुन्हा तपासणे हाच शहाणपणाचा मार्ग आहे. वजन न वाढणे, जन्मापासूनचा त्रास, खेळताना काही गिळल्यानंतर अचानक सुरू झालेली घरघर, अशी वेगळी लक्षणे असतील तर तज्ज्ञाकडे पाठवायलाच हवे.

निदान झाले तरी ते सांगितले जाईलच असे नाही. 'ॲलर्जिक ब्राँकायटिस' किंवा 'छाती नाजूक आहे' असे म्हणून वेळ मारून नेली जाते, कारण दमा म्हटले की घरचे हादरतात. मुलगी असेल तर पुढे लग्नाचे काय, हा प्रश्न आजी तिथल्या तिथे विचारते. पण आजार न सांगितल्याची किंमत मूलच मोजते. पालकांना वाटते की हे औषध या खोकल्यापुरते आहे, आणि आठवड्यात ते बंद होते. मग कोणी मृगाच्या मुहूर्तावर माशाच्या औषधासाठी हैदराबाद गाठतो, कोणी कोजागरीच्या रात्री खिरीतून दिले जाणारे औषध घ्यायला जातो, आणि घरात केळी, दही, पेरू, ताक सगळे बंद होते. जाणाऱ्यांना दोष देण्यात अर्थ नाही. आजाराचे नाव आणि त्याची वाट आम्ही सांगितली नाही, म्हणून ते दुसऱ्या वाटेने गेले.

पंपाची भीती हा या विषयातला सर्वांत मोठा अडसर आहे, म्हणून त्याचा हिशेब मांडतो. वीस किलो वजनाच्या मुलाला दम उठला की पाच दिवस तोंडाने प्रेडनिसोलोन हे स्टिरॉइड दिले जाते, आणि ते देणे योग्यही असते. रोज २० मिलिग्रॅम धरले तरी पाच दिवसांत १०० मिलिग्रॅम, म्हणजे एक लाख मायक्रोग्रॅम स्टिरॉइड पोटात जाते. ब्युडेसोनाइड या स्टिरॉइडच्या पंपाचा रोजचा कमी डोस २०० मायक्रोग्रॅमच्या आसपास असतो. त्या दराने एक लाख मायक्रोग्रॅम व्हायला पाचशे दिवस, म्हणजे सोळा महिन्यांहून अधिक काळ लागेल. दोन्ही औषधांची ताकद सारखी नसल्यामुळे ही तुलना ढोबळ आहे, पण ज्या स्टिरॉइडला पालक घाबरतात ते पंप टाळल्यानेच मुलाच्या शरीरात अधिक जाते, हे तीतून दिसते. पंपाचा काहीच दुष्परिणाम नाही असेही म्हणणे बरोबर नाही. अमेरिकेतील एका दीर्घ अभ्यासात, रोज ४०० मायक्रोग्रॅम ब्युडेसोनाइड काही वर्षे घेतलेल्या मुलांची प्रौढ वयातील उंची सरासरी १.२ सेंटिमीटरने कमी भरली. हे पालकांना प्रामाणिकपणे सांगावे, आणि उलट बाजूला रात्रीची झोप, शाळा, खेळ आणि मुलाचा जीव आहे, हेही सांगावे. 'सवय लागेल' या शंकेला मी एवढेच म्हणतो की चष्मा लावणाऱ्या मुलाला चष्म्याची सवय लागली असे आपण म्हणत नाही.

दोन पंपांतील फरक तर प्रत्येक भेटीत सांगावा लागतो. सॅल्ब्युटामॉल नळ्यांभोवतीचे आखडलेले स्नायू सैल करते, काही मिनिटांत आराम देते आणि चार-सहा तासांत उतरते. सूज तशीच राहते. स्टिरॉइडचा पंप सूज उतरवतो, पण त्याला दिवस लागतात आणि घेतल्या घेतल्या काही जाणवत नाही. साहजिकच आई पहिला जपून ठेवते आणि दुसरा पैसे वाया म्हणून सोडून देते. दम्याच्या उपचारांबाबत जगभर मार्गदर्शक मानल्या जाणाऱ्या 'जीना' या संस्थेने २०१९ पासून मोठ्या मुलांना आणि प्रौढांना नुसत्या सॅल्ब्युटामॉलवर ठेवू नये असे स्पष्ट म्हटले आहे, आणि सहा ते अकरा वर्षांच्या मुलांनाही स्टिरॉइडच्या पंपाची जोड हवी असे सांगितले आहे. वर्षाकाठी आराम देणाऱ्या पंपांच्या डब्या एकामागून एक संपत असतील, तर त्या मुलाचा दमा आटोक्यात नाही आणि तो जीवघेणा ठरू शकतो, ही खूण औषध दुकानदारालाही माहीत असायला हवी.

पंप दिला आणि काम झाले, असेही नसते. 'कसा घेतोस दाखव' म्हटल्यावर बहुतेक मुले तोंड किंचित उघडतात, कळ दाबतात, फवारा जिभेवर आणि टाळूवर बसतो, आणि मूल तो गिळते. औषध फुप्फुसापर्यंत जातच नाही आणि महिन्याभराने पालक सांगतात की पंपाने गुण येत नाही. पावडरीच्या कॅप्सूलचे यंत्र चार वर्षांच्या मुलाच्या हाती दिलेलेही मी अनेकदा पाहतो. ते ओढायला जोराचा श्वास लागतो, तो त्या वयात नसतो. लहान मुलांना फवाऱ्याचा पंप स्पेसरमधूनच, म्हणजे पंपाला जोडायच्या पोकळ नळकांड्यातूनच द्यायचा: तीन वर्षांपर्यंत मास्क लावून, पुढे तोंडात नळी धरून, पंप हलवायचा, एकच झोत सोडायचा, पाच-सहा वेळा शांत श्वास घेऊ द्यायचा, मग लागला तर दुसरा झोत. नंतर चूळ भरायची. स्पेसर भांड्याच्या साबणाच्या पाण्यात बुडवून, न पुसता तसाच वाळवायचा, कारण फडक्याने पुसल्यावर आत स्थिर वीज साचते आणि औषध भिंतीला चिकटते. हे सारे शिकवायला परिचारिकेला पाच मिनिटे पुरतात, आणि ते प्रत्येक भेटीत पुन्हा पाहावे लागते. दम उठल्यावर स्पेसरमधून दिलेले सॅल्ब्युटामॉल वाफेच्या मशीनइतकेच काम करते, हे अनेक अभ्यासांनी दाखवले आहे. मशीनला वीज लागते, स्पेसरला लागत नाही. भारनियमनाच्या गावात हा फरक लहान नाही. स्पेसर नसेल तर काय, याचेही उत्तर आहे. केपटाउनच्या डॉ. हेदर झार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९९ साली दाखवून दिले की अर्ध्या लिटरच्या प्लास्टिकच्या बाटलीच्या तळाला पंपाच्या तोंडाएवढे भोक पाडून, सांधा बंद करून केलेला स्पेसर दम उठलेल्या मुलांना विकतच्या स्पेसरइतकाच आराम देतो.

ॲलर्जीच्या बाबतीत तपासण्यांचा बाजार फार वाढला आहे. रक्ताच्या 'ॲलर्जी पॅनेल'वर हजारो रुपये खर्चून आलेली पन्नास-साठ पदार्थांची यादी घेऊन पालक येतात आणि तीतील प्रत्येक पदार्थ ताटातून काढलेला असतो. अशा चाचणीत आकडा वाढलेला दिसणे म्हणजे शरीराने त्या पदार्थाची दखल घेतली आहे, एवढेच. तो खाऊन त्रास होत नसेल तर तो बंद करण्याचे कारण नाही. दम्याला खरोखर चेतवणाऱ्या गोष्टी बहुधा घरातच असतात: गादी-उशीतील धूळकिडे, झुरळे, ओल धरलेल्या भिंतींवरची बुरशी, चुलीचा आणि विडी-सिगारेटचा धूर, आणि रात्रभर मुलाच्या उशाशी जळणारी डासांची कॉइल. एका कॉइलमधून निघणारे सूक्ष्म कण ७५ ते १३७ सिगारेटींच्या धुराएवढे असू शकतात, असे २००३ सालच्या एका अभ्यासात मोजले गेले. मच्छरदाणीचा आग्रह मी त्यासाठीच धरतो. बाहेर गाजरगवत आहे, जे १९५०च्या दशकात पुण्यात प्रथम नोंदले गेले आणि आता बांधाबांधावर फुलते. नाकाची ॲलर्जी असलेले मूल तळहाताने नाक वर घासत राहते, त्याच्या नाकावर आडवी रेघ पडते, ते तोंडाने श्वास घेते. त्या नाकावर उपचार केल्याशिवाय दमा आटोक्यात येत नाही. मधमाशी किंवा गांधीलमाशी चावल्यावर, शेंगदाणा, अंडे किंवा एखादे इंजेक्शन यानंतर अंगभर गांधी उठून श्वास अडकू लागला, तर मांडीच्या स्नायूत ॲड्रेनॅलिन ताबडतोब देणे हाच पहिला उपचार आहे. लसीकरणासाठी हे औषध आरोग्य केंद्रात असतेच. प्रसंगी ते द्यायला कोणी कचरू नये.

आता सरकारने काय करावे, याबद्दल. राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत आणि केंद्रांत १५ ऑगस्ट २०२३ पासून उपचार मोफत आहेत, आणि २०२२ च्या राष्ट्रीय अत्यावश्यक औषध यादीत ब्युडेसोनाइड आणि सॅल्ब्युटामॉल दोन्ही श्वासावाटे देण्याच्या रूपात आहेत. तरीही आमच्या भागातील केंद्रांत सॅल्ब्युटामॉलचे पातळ औषध आणि वाफेचे मशीन असते. स्टिरॉइडचा पंप आणि स्पेसर मागितला तर बाहेरून आणायला सांगितले जाते. असंसर्गजन्य आजारांची घरोघरची तपासणी तीस वर्षांवरील लोकांसाठी आहे, त्यामुळे दमा असलेले मूल तीत येत नाही. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम मात्र खास मुलांसाठी आहे. तो २०१३ च्या फेब्रुवारीत आपल्याच राज्यातील पालघर येथे सुरू झाला आणि त्यातील तपासावयाच्या आजारांच्या यादीत श्वासनलिका आखडण्याचा विकार स्पष्टपणे नोंदलेला आहे. त्याची पथके अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा जातात. पथकाने रात्रीच्या खोकल्याबद्दल आणि धावल्यावर लागणाऱ्या धापेबद्दल दोन प्रश्न विचारले, आणि त्या मुलांची नावे प्राथमिक आरोग्य केंद्राकडे आली, तर निम्मे काम होते.

हे ओझे किती पडेल? तीस हजार लोकसंख्येच्या एका केंद्राच्या हद्दीत पाच ते चौदा वयाची ढोबळमानाने पाच हजार मुले असतील. शंभरात तीन या दराने ही दीडशे मुले झाली. दीडशे नावांची एक नोंदवही, प्रत्येक मुलाची तीन महिन्यांनी एक तपासणी, तीत पंप घेण्याची पद्धत, रात्रीचा खोकला, बुडालेल्या शाळेचे दिवस आणि उंची-वजन यांची नोंद, आणि घरी भिंतीवर लावायला मराठीत लिहिलेला एक कागद: रोज काय घ्यायचे, दम उठल्यावर किती झोत द्यायचे, आणि बोलताना वाक्य तुटू लागले, फासळ्या आत ओढल्या जाऊ लागल्या किंवा मूल सुस्त पडले तर न थांबता कोठे न्यायचे. समुदाय आरोग्य अधिकारी आणि परिचारिका हे सहज करू शकतील. फिनलंडने १९९४ पासून दहा वर्षे नेमके हेच केले. प्रत्येक आरोग्य केंद्रात दम्यासाठी एक डॉक्टर आणि एक परिचारिका जबाबदार धरली, सूज कमी करणारे औषध लवकर सुरू करण्यावर भर दिला, आणि दम्यासाठी रुग्णालयात काढावे लागणारे दिवस निम्म्याहून कमी झाले. आपली परिस्थिती वेगळी आहे, पण दीडशे मुलांची नोंदवही ठेवायला फिनलंडइतकी श्रीमंती लागत नाही.

या दीडशेंत न सापडणारी मुले मला सर्वांत जास्त अस्वस्थ करतात. दसरा-दिवाळीच्या सुमारास बीड, पाथर्डी, शेवगावकडून ऊसतोड मजुरांचे तांडे आमच्या कारखान्यांच्या भागात येतात आणि मार्च-एप्रिलपर्यंत राहतात. पाचटाच्या कोपीत, दाराशी पेटलेल्या चुलीच्या धुरात, भोवती जळीत उसाची काजळी पडत असताना ही मुले थंडीचे चार महिने काढतात, म्हणजे दम्याला सर्वांत वाईट काळ ती सर्वांत वाईट जागी काढतात. आईबाप पहाटे फडात गेलेले असतात, मुलाला आठ-दहा वर्षांची बहीण सांभाळते, आणि दवाखान्यात यायचे तर दिवसाची मजुरी बुडते, म्हणून मूल रात्री दहानंतर, ओठ निळसर पडू लागल्यावर येते. त्याला गावाकडे कधी काय दिले होते, याचा कागद जवळ नसतो. या कुटुंबांची यादी मुकादमांकडे आणि कारखान्यांकडे हंगामापूर्वीच असते. सप्टेंबरमध्ये गावच्या केंद्राने त्यांतील दमेकरी मुले शोधून त्यांना हंगाम पुरेल एवढे पंप, एक स्पेसर आणि उपचाराचे कार्ड द्यावे, आणि ज्या कारखान्यावर कुटुंब जाणार आहे तेथील आरोग्य केंद्राला ती नावे कळवावीत. आरोग्य विभागाने आणि साखर आयुक्तालयाने एकत्र बसून येत्या गळीत हंगामापूर्वी एवढे ठरवावे, अशी माझी आपल्या पत्रामार्फत विनंती आहे.

आपला विश्वासू,
एक फॅमिली डॉक्टर,
राहुरी, जि. अहिल्यानगर